दिवा लागतो, पण यंत्र थांबत नाही

छोट्या सीएनसी राऊटरवर होमिंग बिघडले की पहिला संशय प्रॉक्सिमिटी सेन्सरवर जातो. गँट्री टोकाला जाऊन आदळते, किंवा काम अर्ध्यावर असताना काही कारण नसताना यंत्र अलार्म देऊन थांबते, आणि निदान होते, ‘प्रॉक्सी गेला.’ नवा मागवतात, बसवतात, काही दिवस बरे जातात आणि दुखणे परत येते. माझे म्हणणे असे की प्रॉक्सी स्वतः फार क्वचित बिघडतो. तो जे सांगतो ते वाटेत कुठेतरी बदलते, आणि ते नेमके कुठे बदलले हे कळल्याशिवाय एकही सुटा भाग बदलू नये. धातू सेन्सरसमोर येतो, सेन्सरच्या आतला ट्रान्झिस्टर चालू होतो, काळ्या वायरवरचे व्होल्टेज पडते, ते कंट्रोलरच्या पिनेपर्यंत पोचते आणि फर्मवेअर त्याचा अर्थ लावते. यातल्या जवळपास प्रत्येक टप्प्याची साक्ष वेगळी काढता येते. फटीसाठी फीलर गेज, सेन्सरसाठी त्याच्याच पाठीवरचा दिवा, वायरसाठी मल्टिमीटर, आणि फर्मवेअरसाठी संगणकाच्या पडद्यावर उमटणारा अहवाल. लगतच्या ज्या दोन साक्षी जुळत नाहीत, त्यांच्या मधेच दोष असतो.

सेन्सरवर एवढा विश्वास का ठेवायचा, हे त्याच्या रचनेवरून कळते. जर्मनीत मानहाइम इथे वॉल्टर पेपर्ल आणि लुडविग फुक्स यांच्या कंपनीने १९५८ साली पहिला इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी स्विच तयार केला. रासायनिक कारखान्यांत यांत्रिक संपर्क गंजतात, झिजतात आणि ठिणगी पाडतात. या स्विचला तसला संपर्कच नव्हता. तत्त्व आजही तेच आहे. तोंडाशी फेराइटच्या गाभ्यावर कॉइल असते आणि एक ऑसिलेटर तिच्यातून वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र पुढे सोडत राहतो. समोर धातू आला की त्यात एडी करंट वाहू लागतात, ते ऑसिलेटरची ऊर्जा खातात, आंदोलने मंदावतात, आणि ती ठरावीक पातळीखाली गेली की आउटपुट पलटते. यात हलणारा भाग नाही, सगळे राळेत ओतून बंद केलेले असते, आणि लाकडाचा भुसा किंवा एमडीएफची धूळ त्याला दिसतच नाही. झिजावे असे त्यात काही नाही. त्याला मारणारी कारणे बाहेरची असतात: चुकीची जोडणी, शॉर्ट झालेले आउटपुट, गँट्रीचा थेट दणका. अगदी स्वस्तातल्या सेन्सरमध्ये शॉर्टपासून संरक्षण असेलच असे नाही, हेही मान्य करायला हवे. तरी मेलेला सेन्सर ओळखणे सोपे आहे. योग्य सप्लाय देऊन तोंडासमोर लोखंडी तुकडा धरला आणि दिवा लागलाच नाही, तर तो गेला. ज्या सेन्सरचा दिवा नीट लागतो आणि विझतो, त्याला दोषी ठरवण्याआधी बाकीच्यांची उलटतपासणी झाली पाहिजे.

पहिली गफलत फटीतच होते. हौशी यंत्रांवर सर्वांत जास्त आढळणारा सेन्सर म्हणजे एलजे१२ए३-४-झेड/बीएक्स. त्याच्या नावातला ४ म्हणजे ४ मिलीमीटर, आणि बसवणारा तेवढ्याच अंतराचा हिशेब धरतो. पण हा आकडा एका ठरलेल्या लक्ष्यासाठी असतो. प्रॉक्सिमिटी स्विचच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ते लक्ष्य १ मिलीमीटर जाडीच्या साध्या पोलादाचा चौरस तुकडा असते, आणि त्याची बाजू सेन्सरच्या तोंडाचा व्यास किंवा नोंदलेल्या अंतराची तिप्पट, यांपैकी जे मोठे असेल तेवढी असते. या सेन्सरच्या बाबतीत दोन्ही १२ मिलीमीटर येतात. त्यातही सेन्सर-सेन्सरमधला फरक आणि तापमानाचा परिणाम धरून खात्रीचे अंतर नोंदलेल्या अंतराच्या ८१ टक्केच समजायचे असते, म्हणजे सुमारे ३.२ मिलीमीटर. आता हौशी राऊटरकडे पाहू. त्याची गँट्री बहुधा ॲल्युमिनियमच्या एक्स्ट्रूजनची असते, आणि लक्ष्य म्हणून तिचीच कड किंवा एखादी ॲल्युमिनियमची पट्टी वापरलेली असते. ॲल्युमिनियमसाठी अंतर ढोबळपणे ०.४ पट होते. ४ चे १.६ झाले, आणि खात्रीचे अंतर जेमतेम १.३ मिलीमीटर. पट्टीऐवजी एम४ स्क्रूचे डोके लक्ष्य केले असेल तर त्याचा व्यास ७ मिलीमीटर, म्हणजे पोलाद असूनही आकाराने अपुरे. कोणी अशा स्क्रूसमोरची फट ३ मिलीमीटरवर लावली आणि खोलीतल्या त्या दिवशीच्या तापमानात ते चालून गेले, तर पुढचा बिघाड त्याच दिवशी पेरला गेला. थंडीतल्या सकाळी किंवा बेअरिंग थोडी सैल झाल्यावर तोच सेन्सर ‘कधी ओळखतो, कधी नाही’ असे वागू लागतो. तो बिचारा पहिल्या दिवसापासून काठावर उभा होता.

बसवण्याच्या जागेचाही यात वाटा असतो. १२ मिलीमीटर व्यासात ४ मिलीमीटर अंतर देणाऱ्या सेन्सरचे क्षेत्र पुढच्यासारखे बाजूलाही पसरते. तो धातूच्या ब्रॅकेटमध्ये तोंड सपाट करून बसवला तर ब्रॅकेटच त्याचे लक्ष्य होतो आणि दिवा कायम पेटलेला राहतो. तोंड ब्रॅकेटच्या बाहेर काढून आजूबाजूला मोकळी जागा ठेवावी लागते. ॲल्युमिनियम कापणाऱ्या यंत्रात तोंडावर धातूचा कीस चिकटतो आणि तोही सेन्सरला खरोखर दिसतो. या सगळ्यात सेन्सर खोटे बोलत नाही; त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा असतो. आणखी एक गोष्ट इथेच ठरवावी. लक्ष्य सेन्सरच्या दिशेने सरळ न येता त्याच्या तोंडासमोरून आडवे जाईल अशी मांडणी करावी, म्हणजे यंत्र थांबले नाही तरी सेन्सरचा चुराडा होत नाही.

दिवा बरोबर लागतो आहे हे पटल्यावर दुसरी साक्ष काळ्या वायरची. तपकिरी वायर सप्लायची, निळी शून्य व्होल्टची, काळी सिग्नलची. नावातली शेवटची अक्षरे इथे निर्णायक ठरतात. बीएक्स म्हणजे एनपीएन, नॉर्मली ओपन. धातू दिसला की काळी वायर शून्याकडे ओढली जाते. बीवाय म्हणजे पीएनपी. धातू दिसला की काळ्या वायरवर सप्लायचे व्होल्टेज येते. एएक्स म्हणजे एनपीएनच, पण नॉर्मली क्लोज्ड. बाहेरून तिन्ही सारखे दिसतात, आणि दुकानात एकाऐवजी दुसरा हातात पडणे अजिबात अवघड नाही. एनपीएनसाठी बांधलेल्या कंट्रोलरवर पीएनपी जोडला तर दिवा अचूक लागतो आणि विझतो, पण कंट्रोलरच्या पिनेवर शून्य कधी येतच नाही. उलट १२ किंवा २४ व्होल्ट जातात. इथे मल्टिमीटर लावताना एक चूक हमखास होते. एनपीएन सेन्सरचे आउटपुट फक्त खाली ओढते, वर ढकलणे त्याचे काम नाही. त्याला काहीच जोडलेले नसताना काळ्या-निळ्यामध्ये मीटर लावले तर जो आकडा दिसतो त्याला अर्थ नसतो, आणि त्यावरून चांगला सेन्सर कचऱ्यात जातो. तपकिरी आणि काळ्या वायरमध्ये १० किलोओहमचा एक रेझिस्टर तात्पुरता लावावा. मग धातू नसताना जवळजवळ सप्लायइतके आणि धातू समोर असताना एक व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असे दोन स्पष्ट आकडे मिळतात.

यापुढचा टप्पा, वायरपासून पिनेपर्यंतचा, माझ्या मते सर्वांत फसवा आहे, कारण इथली चूक पुष्कळ दिवस चालून जाते. या सेन्सरला किमान ६ व्होल्ट लागतात. आर्डुइनो उनो ५ व्होल्टवर चालतो, आणि सोय म्हणून अनेकजण सेन्सरलाही तेच ५ व्होल्ट देतात. दिवा मंद का होईना लागतो, अंतर घटते, आणि फटीच्या हिशेबात आधीच नसलेली सवड आणखी आटते. उलट बाजूने सेन्सरला १२ किंवा २४ व्होल्ट देऊन काळी वायर थेट पिनेला जोडली, तर दुसरा धोका. बऱ्याच सेन्सरमध्ये सप्लाय आणि आउटपुट यांच्यामध्ये आतच एक रेझिस्टर असतो, त्यामुळे धातू नसताना काळ्या वायरवर पूर्ण सप्लाय येऊन बसतो. आर्डुइनोच्या ॲटमेगा३२८पी या चिपला पिनेवर तिच्या सप्लायपेक्षा जास्तीत जास्त अर्धा व्होल्ट अधिक चालतो. तरी ती लगेच जळत नाही. आतला रेझिस्टर समजा १० किलोओहमचा असेल, तर १२ व्होल्टवर पिनेच्या संरक्षक डायोडमधून सुमारे ०.६५ मिलीॲम्पिअर जातात आणि सगळे सुरळीत चालले आहे असे दिसते. ‘वर्षभर असेच चालले आहे, मग जोडणी चूक कशी?’ हा आक्षेप इथूनच येतो. चालणे हा जोडणी बरोबर असल्याचा पुरावा होत नाही. चिपच्या संरक्षक भागाने भार उचलला एवढेच त्यातून कळते. मधे एक डायोड घालणे हा प्रचलित तोडगा आहे, पण त्याचाही हिशेब करावा लागतो. ५ व्होल्टवर ही चिप १.५ व्होल्टपर्यंतच खात्रीने ‘शून्य’ समजते. सेन्सर चालू असताना त्याच्यावर एक व्होल्ट उरला आणि साध्या डायोडचे ०.६ त्यात पडले, तर बेरीज १.६ होते. ओळखले तर ओळखले. ऑप्टोकप्लर काही रुपयांत मिळतो. तो सेन्सरची बाजू २४ व्होल्टवर ठेवून कंट्रोलरची बाजू पूर्ण वेगळी करतो, आणि माझा कौल त्यालाच आहे. ऑप्टोकप्लर नसेल तर सेन्सरची निळी वायर आणि कंट्रोलरचा शून्य व्होल्ट एकत्र जोडलेले असलेच पाहिजेत, नाहीतर ‘शून्य’ कशाच्या तुलनेत हे पिनेला कळणार नाही.

आता शेवटची साक्ष, फर्मवेअरची. हौशी राऊटरवर बहुतेकदा जीआरबीएल असते; नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी २००९ मध्ये सुरू केलेले हे फर्मवेअर पुढे अनेकांनी वाढवले. त्याला नुसते प्रश्नचिन्ह पाठवले की ते स्थितीचा अहवाल देते, आणि एखादा लिमिट दाबलेला असेल तर ‘पीएन’ या खुणेपुढे त्या अक्षाचे अक्षर येते. हाताने सेन्सरसमोर लोखंडी तुकडा धरावा, दिवा पाहावा आणि त्याच क्षणी अहवाल पाहावा. दोन मिनिटांची ही चाचणी अर्धी शोधाशोध वाचवते. उदाहरणार्थ, एक्स आणि वाय बरोबर दिसतात, झेडचा दिवा लागतो, पण अहवालात झेड कधीच येत नाही. जुन्या पिनरचनेवर बेतलेले सीएनसी शील्ड वापरणाऱ्यांना हे हमखास भेटते. जीआरबीएलच्या ०.९ आवृत्तीपासून स्पिंडलचा वेग बदलता यावा म्हणून ११ नंबरची पिन स्पिंडलला दिली गेली आणि झेडचा लिमिट १२ नंबरवर गेला. शील्डवरची छापील अक्षरे मात्र जुनीच राहिली. झेडची वायर स्पिंडल-एनेबल असे लिहिलेल्या जागी लावली की प्रश्न मिटतो. झेडचे कितीही सेन्सर बदलले असते तरी तो मिटला नसता.

अलार्मच्या क्रमांकावर विसंबून निदान करण्याचा मोहही आवरावा. होमिंगमध्ये येणारा ८ क्रमांकाचा अलार्म सांगतो की सेन्सर लागल्यावर यंत्र मागे सरले, पण सेन्सर सुटला नाही. याला निदान दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात. एक, लिमिटच्या पिनांचा अर्थ उलटवणारे $५ हे सेटिंग उलटे आहे. मग फर्मवेअरला सगळे लिमिट आधीपासूनच लागलेले दिसतात, यंत्र किंचित हलते आणि थांबते. हे सेटिंग तिन्ही अक्षांना एकदमच लागू होते, म्हणून तीन सेन्सरपैकी एकच वेगळ्या अक्षराचा आला तर कोणतीही किंमत टाकली तरी एक ना एक अक्ष बिनसतो. दुसरे कारण हिस्टेरेसिस. सेन्सर ज्या अंतरावर लागतो त्याहून थोड्या जास्त अंतरावर सुटतो, आणि मानक या फरकाला २० टक्क्यांपर्यंत मुभा देते. ४ मिलीमीटरच्या सेन्सरला म्हणजे ०.८ मिलीमीटर. जीआरबीएल $२७ प्रमाणे मागे सरते, आणि त्याची मुळातली किंमत १ मिलीमीटर आहे. लक्ष्य समोरून येत असेल तर हे जेमतेम पुरते. आडवे जात असेल तर सुटायला त्याहून जास्त सरकावे लागू शकते. पहिले दुखणे दर वेळी येते, दुसरे कधीमधी. क्रमांक एकच, पण इलाज एकाचा दुसऱ्याला लागू पडत नाही. दिवा आणि अहवाल शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो: दिवा विझलेला असताना अहवाल ‘लागला’ म्हणत असेल तर सेटिंग किंवा जोडणी पाहा, दोघेही ‘लागला’ म्हणत असतील तर मागे सरण्याचे अंतर वाढवा.

इथे एक सयुक्तिक आक्षेप येतो. हे सगळे स्थिर दोषांना ठीक आहे, पण स्पिंडल सुरू झाल्यावरच येणारा, मधेच उगवून नाहीसा होणारा अलार्म मल्टिमीटरला दिसणार कसा? खरे आहे, मल्टिमीटर सेकंदाला काही वेळाच वाचतो आणि नॉइजची उबळ मायक्रोसेकंदांची असते. पण साक्षी जुळवण्याची पद्धत इथेही उपयोगी पडते. कामाच्या मध्यात १ क्रमांकाचा, म्हणजे हार्ड लिमिटचा अलार्म आला, गँट्री टोकापासून लांब आहे, दिवा विझलेला आहे आणि रीसेटनंतर अहवालात ‘पीएन’ नाही. म्हणजे पिनेने असे काही ऐकले जे सेन्सर बोललाच नव्हता. कारणही समजण्यासारखे आहे. चिपचा आतला पुल-अप रेझिस्टर २० ते ५० किलोओहमचा असतो, इतका दुबळा की स्टेपर मोटरच्या किंवा स्पिंडलच्या केबलला लागून मीटरभर धावणाऱ्या सिग्नल वायरवर शेजारचा ताव सहज चढतो. आता स्पिंडल बंद ठेवून तोच प्रोग्राम हवेत चालवावा, नंतर सेन्सरची वायर कंट्रोलरपाशी सोडवून पुन्हा चालवावा. वायर सोडवल्यावर अलार्म थांबला तर नॉइज वायरमधून येतो आहे. तरीही आला तर बोर्डाच्या सप्लायकडे आणि अर्थिंगकडे पाहावे.

‘मग डिबाउन्स वाढवा’ असा सल्ला यावर नेहमी दिला जातो. जीआरबीएलचे $२६, ज्याची मुळातली किंमत २५० मिलीसेकंद आहे, ते फक्त होमिंगच्या वेळी कामाला येते. कामाच्या मध्यातला हार्ड लिमिट पिनेवरच्या बदलाने थेट इंटरप्ट उठवतो आणि त्या आकड्याला विचारत नाही. त्यासाठीचा सॉफ्टवेअर डिबाउन्स वेगळा आहे, तो फर्मवेअर नव्याने कंपाइल करूनच चालू करावा लागतो. पण तो चालू केला तरी रोगाचे मूळ वायरमध्येच राहते. वायर शील्डची घ्यावी, शील्ड एकाच टोकाला अर्थ करावे, वायर मोटरच्या केबलपासून दूर न्यावी, बाहेरून काही किलोओहमचा पुल-अप द्यावा आणि पिनेशी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावावा. कपॅसिटरमुळे उशीर होऊन होमिंगची अचूकता जाईल ही भीती हिशेबाला टिकत नाही. १० किलोओहम आणि १०० नॅनोफॅरड मिळून उशीर मिलीसेकंदाच्या घरातला. होमची जागा शेवटच्या सावकाश फेरीत ठरते. तिचा मुळातला वेग मिनिटाला २५ मिलीमीटर, म्हणजे एका मिलीसेकंदात ०.०००४ मिलीमीटर. १६०५ बॉलस्क्रूवर स्टेपरचे एक पूर्ण पाऊलच ०.०२५ मिलीमीटरचे असते. शिवाय हा उशीर दर वेळी तेवढाच होतो, त्यामुळे तो होमच्या जागेतच जिरून जातो.

सर्वांत व्यवहारी आक्षेप राहिला: सेन्सर स्वस्त आहे, तासभर डोके घालण्यापेक्षा बदलून पाहिला तर काय बिघडले? निदान म्हणून बदल करायला माझी हरकत नाही, पण मग चालू अक्षाचा सेन्सर बंद अक्षावर लावून पाहावा, नवा विकत आणून नव्हे. दोष सेन्सरबरोबर गेला तर सेन्सर, तिथेच राहिला तर वाट. नवा सेन्सर बसवताना टर्मिनल पुन्हा घट्ट होते, ड्रॅग चेनमधली अर्धवट तुटलेली वायर हलते, फट पुन्हा लावली जाते, आणि या तिन्हींपैकी कशाने गुण आला हे कायमचे अज्ञात राहते. मायक्रोस्विच लावून मोकळे व्हावे असे म्हणणाऱ्यांचेही थोडे खरे आहे. कोरड्या संपर्काला ना सप्लाय लागतो ना एनपीएन-पीएनपीचा घोळ, आणि झाकून बसवला तर लाकूडकामात तो वर्षानुवर्षे चालतो. पण वायर, पिन आणि फर्मवेअर हे टप्पे त्यालाही चुकत नाहीत.

आणि दोष मिटल्यावर एक परीक्षा उरते, जी बहुतेकजण करत नाहीत, कारण सगळे चाललेले असते. यंत्र उभे असताना सेन्सरची काळी वायर सोडवावी आणि अहवाल पाहावा. नॉर्मली ओपन सेन्सर असेल तर काहीच बदलत नाही: तुटलेली वायर आणि मोकळा लिमिट फर्मवेअरला एकसारखेच दिसतात. असे यंत्र पुढच्या होमिंगला अक्षाच्या लांबीच्या दीडपट अंतर शोधत जाते, टोकाला मोटर कण्हते आणि मग ९ क्रमांकाचा अलार्म येतो. एएक्स जातीचा नॉर्मली क्लोज्ड सेन्सर घेऊन $५ उलटे केले, तर वायर तुटताच पुल-अप पिन वर ओढतो आणि लिमिट लागल्याची नोंद होते; हार्ड लिमिट चालू असतील तर यंत्र जागीच थांबते. तपकिरी वायर तुटली तरी तेच. त्याची किंमत एवढीच की एकाच अक्षाच्या दोन टोकांचे असे सेन्सर एका पिनेवर समांतर जोडता येत नाहीत, कारण एक सुटला तरी दुसरा पिन खाली ओढून धरतो. त्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्र पिन द्यावी लागते, किंवा होमच्या टोकाला एकच सेन्सर ठेवून दुसरे टोक $२० च्या सॉफ्ट लिमिटवर सोपवावे लागते. तीन अक्षांच्या छोट्या राऊटरला ही दुसरी व्यवस्था पुरते.